आधी आदेश दाखवा

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर फोनमध्ये कसं शिरतं आणि ते कसं पकडायचं, हे शिकायचं म्हणतेस. जरूर शीक. पण सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली पेगॅसस या पाळतीच्या सॉफ्टवेअरच्या चौकशीसाठी समिती नेमली होती, तिचं काय झालं ते आठव. 29 फोन तपासले. पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगॅससच होतं असं ठामपणे सांगता आलं नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केलं नाही असं समितीने कळवलं. तज्ज्ञ होते, यंत्रं होती. सरकारकडचा कागद मात्र मिळाला नाही. कुणाच्या सहीने, कोणत्या कलमाखाली, किती दिवसांसाठी, हे त्या कागदावरूनच कळतं. म्हणून वकिलीत येणाऱ्या मुलीने सुरुवात तिथून करावी, असं माझं मत आहे.

मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर 2019 चा एक निकाल काढून वाच. एका व्यावसायिकावर बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याचा आरोप होता, आणि त्याचा फोन ऐकण्यासाठी केंद्रीय गृह खात्याने 2009-10 मध्ये तीन आदेश काढले होते. 1885 च्या तार कायद्याचं कलम 5(2) म्हणतं, सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असेल तरच असं करता येतं. लाचेच्या प्रकरणात यातलं काय होतं? न्यायमूर्ती रणजित मोरे आणि एन. जे. जमादार यांच्या खंडपीठाने तिन्ही आदेश रद्द केले आणि टेप केलेलं संभाषण नष्ट करायला सांगितलं. ऑगस्ट 2017 मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्याचा वकिलाला रोजच्या कामात काय उपयोग, ते या निकालात दिसतं. तार कायद्याच्या जागी आता 2023 चा दूरसंचार कायदा आलाय, पण ही अट त्यातही आहे.

मेख वेगळीच आहे. ते आदेश तपासता आले, कारण प्रकरण न्यायालयात आलं. ज्यांच्यावर खटलाच नाही, त्यांना आपला फोन ऐकला गेला हे कधी कळवलं जात नाही. परवानगी गृहसचिव देतात, फेरतपासणी सचिवांचीच समिती करते, न्यायाधीश कुठेच नाही. डेटा संरक्षणावर नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने 2018 च्या अहवालात लिहून ठेवलंय, की सचिवांची ही समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि एका बैठकीत तिच्यापुढे 15 ते 18 हजार आदेश असतात. एका बैठकीत एवढे आदेश वाचून होणं शक्य नाही. मला याचा राग येतो, अजूनही. तुलाही यावा.

आता पोलीस ठाण्यातलं सांगतो, कारण तुझी गाठ तिथेच जास्त पडेल. काही वर्षांपूर्वी कॉलेजातल्या एका मुलाचा फोन जप्त झाला. एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा तो अ‍ॅडमिन होता, एवढंच. मी पोचलो तेव्हा फोन टेबलावर चालू होता आणि एक शिपाई त्यातले फोटो अंगठ्याने सरकवत होता. पोराने घाबरून पॅटर्न सांगून टाकला होता. पंचनाम्यात एकच ओळ: ‘एक काळ्या रंगाचा मोबाईल, स्क्रीनला तडा.’ आयएमईआय नंबर, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, नाही, सिमचा उल्लेख नाही, लाखेचं सील नाही. पंचांच्या सह्या मात्र घेऊन झालेल्या. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबायला लावून दोन्ही आयएमईआय नंबर मी पंचनाम्यात लिहून घेतले, फोन बंद करून लखोट्यात घालायला लावला. अर्धा तास वाद झाला. पण मी पोचायच्या आधी त्या फोनमधलं काय पाहिलं, काय पुसलं, काय घातलं, हे दाखवायला आमच्या हातात काहीच उरलं नव्हतं. जप्तीच्या वेळीच हॅश व्हॅल्यू काढली असती, तर काही आधार राहिला असता. हॅश म्हणजे आतल्या मजकुराचा अंगठा. एक अक्षर हललं तरी ठसा बदलतो.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावंच लागतं. ते माग. जप्त मालाच्या यादीची प्रत माग. आरोपीला पासवर्ड सांगायला लावता येतं का, यावर न्यायालयांचे निर्णय एका सुरात नाहीत, म्हणून अशिलाला आधीच सांगून ठेव: वकील येईपर्यंत थांबा. आवाज चढवू नकोस. ठाणे अंमलदाराशी साहेब म्हणूनच बोल, पण अर्ज लेखी दे आणि शिक्क्याची पोच हातात आल्याशिवाय खुर्चीवरून उठू नकोस.

निकाल लागला की काम संपलं, असंही समजू नकोस. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवर लिहिल्याबद्दल अटक झाली; एकीने लिहिलं होतं, दुसरीने फक्त लाइक केलं होतं. त्यांना लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरवलं. तरीही ठाण्यांत त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवणं चालूच राहिलं, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये न्यायालयाला ते थांबवायला पुन्हा आदेश काढावा लागला. निकालाची प्रत, कामाच्या ओळी अधोरेखित करून, बॅगेत ठेवत जा.

तुझा माहिती अधिकाराचा मसुदा वाचला. चारशे शब्द झालेत. आपल्या राज्याच्या नियमात 150 शब्द आणि एकच विषय, नाहीतर तेवढ्याच कारणावरून परत येईल. सुरुवातीचं भाषण काढून टाक. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून अर्ज नाकारायची वाट रुंद केली आहे, तेव्हा माणसांबद्दल काही विचारू नकोस. एवढंच विचार: नगरपरिषदेने चौकातले कॅमेरे कोणत्या ठरावाने बसवले, त्यांना चेहरा ओळखणारी यंत्रणा जोडली आहे का, चित्रण किती दिवस ठेवतात, ते कुणी मागून नेलं याची नोंदवही आहे का. ठरावाची आणि नोंदवहीची प्रत माग. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव. आवक शिक्क्यावरची तारीख वहीत लिही, तिथून 30 दिवस मोज, आणि पहिल्या अपिलाचा मसुदा आजच करून ठेव.