महिन्यातले पंधरा दिवस कामानिमित्त फिरतीवर असताना खाणं-पिणं कसं सांभाळावं?

तुम्ही लिहिलंय की महिन्यातला अर्धा वेळ हॉटेलात जातो, वजन वाढतंय, पोट साफ होत नाही आणि घरचा डबा नेणं शक्य नाही. अशा वेळी बहुतेक जण 'बाहेर काय खावं' याची यादी शोधतात. माझ्या मते पदार्थांपेक्षा वेळा जास्त घात करतात. दुपारचं जेवण एक वाजता उरकतं, शेवटची मीटिंग सातला संपते आणि रात्रीचं ताट समोर येतं साडेनऊला. मधले आठ तास चहा-कॉफी आणि बिस्किटांवर जातात. एवढ्या भुकेल्या पोटी मेनूकार्ड हातात आलं की कुणाचाही निश्चय टिकत नाही, त्यात तुमचा काही दोष नाही.

म्हणून पहिली दुरुस्ती संध्याकाळी करा. पाच ते सहाच्या दरम्यान अडीचशे कॅलरीच्या आसपास काहीतरी पोटात जायलाच हवं, आणि त्यात ७-८ ग्रॅम प्रथिनं हवीत. ३० ग्रॅम भाजलेले, बिनमिठाचे शेंगदाणे आणि एक मध्यम आकाराचं फळ एवढ्यात हा हिशेब बसतो. बिनमिठाचे अशासाठी, की दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे आणि हॉटेलच्या दोन जेवणांतच ती सहज संपते. ३० ग्रॅम म्हणजे एक लहान मूठ. घरून निघतानाच दिवसागणिक एक अशा झिपच्या छोट्या पिशव्या भरून ठेवा. मोठं पाकीट लॅपटॉपशेजारी उघडं राहिलं तर बोलता बोलता १०० ग्रॅम संपतात, म्हणजे ५७० कॅलरी. ते एक अख्खं जेवणच झालं.

सकाळ त्यामानाने सोपी, कारण खोलीत केटल असते. प्रत्येक दिवसाची एक पिशवी अशी भरा: ४० ग्रॅम ओट्स, २० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर, १५ ग्रॅम बदामाचे तुकडे, चिमूटभर दालचिनी. यातून साधारण १५ ग्रॅम प्रथिनं आणि ३०० कॅलरी मिळतात. ओट्स पातळ, लवकर शिजणाऱ्या पोह्यांसारखे घ्या. जाड तुकड्यांचे ओट्स नुसत्या गरम पाण्यात शिजत नाहीत, ते दाताखाली कच्चेच लागतात. पिशवी मगमध्ये रिकामी केल्यावर थेट उकळतं पाणी ओतू नका, पावडरीच्या गुठळ्या होतात आणि मग त्या फुटत नाहीत. आधी तीन-चार चमचे साधं पाणी घालून सगळं ओलसर कालवून घ्या, मग २०० मिली उकळतं पाणी ओता, एकदा ढवळा आणि बशी झाकून सात-आठ मिनिटं हात लावू नका. बशी काढल्यावर वर पातळ पाणी दिसलं तरी घाबरू नका, ढवळलं की मिळून येतं.

केटलमध्ये मात्र पाण्याखेरीज काहीही टाकू नका. दूध तळाला लागून करपतं. शिवाय पाणी उकळलं की केटल आपोआप बंद होते, त्यामुळे डाळी-कडधान्यांसारखं काही तीत शिजतच नाही. पहिल्यांदा वापरताना एकदा पाणी उकळून फेकून द्या.

नाश्ता बफेचा असेल तर प्लेट न घेता एक फेरी मारा, काय काय आहे ते बघा, मगच प्लेट उचला. दोन अंडी (१२ ग्रॅम प्रथिनं) किंवा मोठी वाटीभर घट्ट दही, एक अख्खं फळ, आणि हवा असेल तर पाव. ज्यूस सोडा. २५० मिली ज्यूसमध्ये साधारण २५ ग्रॅम साखर असते. २००० कॅलरी खाणाऱ्याची दिवसाची कमाल मर्यादा ५० ग्रॅम आहे. एका ग्लासातच निम्मा कोटा जातो आणि पोट भरत नाही ते वेगळंच.

रात्रीच्या जेवणाची ऑर्डर शक्य असेल तर सहाच्या सुमारास, पोटात काही असतानाच ठरवा. 'तेल कमी घाला' या सांगण्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण बऱ्याच स्वयंपाकघरांत ग्रेव्ही आधीच तयार असते आणि तिच्यातलं तेल कुणी काढू शकत नाही. त्यापेक्षा पदार्थ बदला: भाजलेलं, वाफवलेलं, किंवा पातळ सूपसारखं काही मागवा. लोणी, सॉस, सॅलडवरचं ड्रेसिंग वेगळ्या वाटीत मागा आणि स्वतः घाला. एक टेबलस्पून तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि वर तवंग असलेल्या ग्रेव्हीत असे तीन-चार चमचे सहज असतात. ग्रेव्हीच आली तर आतले तुकडे उचलून खा, रस्सा वाटीतच राहू दे. अर्धं ताट भाज्या, पाव ताट प्रथिनं, पाव ताट भात किंवा पाव, एवढी विभागणी डोळ्यांनी पुरते.

उरलेलं जेवण सकाळसाठी ठेवण्याचा मोह टाळा. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. भात विशेष जपायचा: त्यात वाढणाऱ्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. खोलीतल्या फ्रीजवर विसंबू नका. तो ५ अंशांपर्यंत गार होईलच असं नाही आणि काही हॉटेलांत दाराचं कार्ड काढलं की तोही बंद पडतो.

आता पोट साफ न होण्याबद्दल. फायबर कमी पडतं हे खरंच, पण सकाळी शेवटच्या क्षणी उठून पळणं हेही तितकंच मोठं कारण आहे. खाल्लं की मोठं आतडं हालचाल करू लागतं, नेमक्या त्याच वेळी आपण गाडीत असतो. नाश्ता वीस मिनिटं आधी आणा. तेवढ्याने भागलं नाही तर रात्री एक टेबलस्पून (साधारण ५ ग्रॅम) इसबगोल २५० मिली पाण्यात कालवून लगेच प्या. थांबलात तर ते फुगून घट्ट होतं. कोरडं किंवा घोटभर पाण्यासोबत घेतलं तर घशात अडकू शकतं. इतर औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवा.

विमानाने जाणार असाल तर फसफसणारी पेयं टाळा, केबिनमधला दाब कमी असल्याने पोटातला वायू फुगतो. दही आणि पीनट बटर सुरक्षा तपासणीत द्रवात मोजलं जाऊ शकतं, जिथे १०० मिलीची अट आहे तिथे ते काढून घेतात.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवणाला उशीर होणं थेट धोक्याचं आहे. १५ ग्रॅम ग्लुकोज बॅगेत नव्हे, खिशात ठेवा, आणि वेळा बदलणार असतील तर डोस डॉक्टरांशी आधीच ठरवून घ्या.

चार दिवसांच्या दौऱ्याला ओट्सच्या चार पिशव्या, शेंगदाण्याच्या पाच (एक परतीच्या उशिरासाठी), थोडं इसबगोल आणि एक चमचा, सगळं मिळून अर्ध्या किलोच्या आसपास भरतं.