पहिला नंबर कोणाचा?

प्रश्न : मुलगा अमेरिकेत शिकतो. तिथं कॉलेज फुटबॉलच्या संघांना दर आठवड्याला क्रमांक देतात. सगळे संघ एकमेकांशी खेळतच नाहीत, मग ही क्रमवारी आली कुठून? – एक वाचक, सांगली

उत्तर : संख्याशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे मला आधी आठवतात ते इलिनॉय विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक डिकिन्सन. १९२६ साली त्यांची गुणपद्धत पुढं आली. बलाढ्य संघाला हरवलं तर ३० गुण, दुबळ्याला हरवलं तर २०, आणि बलाढ्य संघाकडून हरलात तरी १५. मग सामन्यांमागे सरासरी. तगड्या संघाशी भिडणाऱ्याची कदर करणारा हा विचार मला आजही मोलाचा वाटतो. शिकागोचे कपड्यांचे कारखानदार जॅक रिसमन यांनी त्यासाठी चषक दिला. नोत्र दाम विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक नूट रॉकनी यांनी गळ घातली म्हणून हिशेब मागे नेऊन १९२४ चा मान त्यांच्या संघाला दिला गेला. हे मात्र मला मुळीच पटत नाही.

मतदानाची वाट पुढची. १९३५ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे क्रीडा संपादक ॲलन गूल्ड यांनी स्वतःच्या यादीत मिनेसोटा, प्रिन्स्टन आणि सदर्न मेथडिस्ट या तिघांना पहिलं ठेवलं. मिनेसोटाचे चाहते भडकले! १९३६ पासून देशभरातल्या पत्रकारांची मतं दर आठवड्याला घेतली जाऊ लागली. त्या हंगामात नॉर्थवेस्टर्नकडून ६–० हरूनही शेवटी पहिला आला तो मिनेसोटाच. प्रशिक्षकांच्या मतांची यादी युनायटेड प्रेस या दुसऱ्या वृत्तसंस्थेनं १९५० साली सुरू केली.