मुलं बरोबर असताना देवबागला खासगी बोट ठरवायची, तर काय काय बघावं?

तुम्ही विचारलंय: डिसेंबरच्या सुट्टीत मालवणजवळच्या देवबागला येताय, दोन कुटुंबं, मोठे चार, मुलं पाच, धाकटं तीन वर्षांचं आणि थोरलं अकराचं. सकाळी डॉल्फिन, मग त्सुनामी आयलंड, जेवण बोटीतच, सूर्यास्त बघून परत. भाडं किती आणि सोबत काय न्यावं? आणि पुढे कंसात लिहिलंत, "मुलं अर्धी धरली तर साडेसहाच माणसं होतात." त्या कंसासाठी लिहायला बसले आहे.

साडेसहा नव्हे, नऊ. एसटीत अर्धं तिकीट चालतं, बोटीत नाही. आमच्याच घरात यावरून वाद आहे. धाकटे भावोजी हंगामात "दोन पोरं मिळून एक माणूस" धरून बोटीचं बुकिंग घेतात, आणि वही माझ्याकडे असल्यामुळे मी ते खोडते. त्यांचं म्हणणं असं की पंधरा किलोचं पोर बोटीला काय जड? बोटीला जड नाहीच. पण छोटी फायबरची बोट नुसत्या वजनाने कमी आणि वजन एका काठाला गेल्याने जास्त कलंडते. "डॉल्फिन!" अशी हाक आली की आधी उठतात पोरं, त्यांना धरायला उठतात आईबाप, आणि मोबाईल काढून उठतात उरलेले. त्याच क्षणी बाजूने लाट आली तर तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या, हातात काही राहत नाही. म्हणून सुटण्याआधीच सांगून ठेवायचं: डॉल्फिन बसून बघायचे, बोट वळवायचं काम तांडेलाचं. प्रवासी किती घ्यायचे तो आकडा बोटीच्या परवान्यात असतो, बऱ्याच बोटींवर रंगवलेलाही असतो. तो विचारा आणि नऊ डोकी त्यात बसवा. तांडेल आणि खलाशी त्या आकड्यात धरलेत की वेगळे, तेही विचारा.

शिवाय सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस हवं, दोन्ही हात मोकळे असलेलं. फोटो काढणारा या हिशोबात धरायचा नाही. तुमच्या पाचांत दोन लहान असतील तर दोन मोठे तिथेच संपले, एक फोटोत, एक पोट धरून बसलेला. बोट लागणार नाही असं कोणीही छातीठोक सांगू नये.

आता जॅकेट. "लाईफ जॅकेट आहेत ना?" असं विचारलंत तर कोणीही "आहेत" म्हणेल. विचारायचं असं: "पंधरा किलोच्या मुलाचं आहे का? पट्टा दोन पायांमधून जाणारा आहे का?" जॅकेट वयावर नाही, वजनावर असतं. जहाजांवरच्या आंतरराष्ट्रीय नियमात 15 किलोखाली तान्ह्यांचं, 15 ते 43 किलो मुलांचं आणि त्यावर मोठ्यांचं अशी विभागणी आहे, आणि चांगल्या जॅकेटच्या आतल्या बाजूला ते छापलेलं असतं. मोठ्यांचं जॅकेट तीन वर्षांच्या मुलाला घालून पुढचा पट्टा करकचून आवळला तरी उपयोग नाही. पाण्यात पडलं की फोम वर येतो, मूल खाली जातं, आणि जॅकेट कानापर्यंत चढून शेवटी डोक्यावरून निसटतं. पायांमधला पट्टा त्यासाठीच असतो.

बघायची रीत सोपी आहे. जॅकेट घालून सगळी बकलं लावा, मुलाला हात वर करायला सांगा आणि दोन्ही खांद्यांजवळ धरून जॅकेट वर ओढा. हनुवटीच्या वर गेलं तर ते त्या मुलाचं नाही. मग आदल्या संध्याकाळी खाडीच्या बाजूला, तुमच्या कमरेइतक्या थांबलेल्या पाण्यात, हात खाली धरून मुलाला उताणं तरंगू द्या. तोंड पाण्याबाहेर राहतं का बघा. मूल घाबरलं, रडलं, तर ते काठावरच झालेलं बरं. पाण्याची ओढ असेल त्या वेळी मात्र हा प्रयोग करू नका.

जॅकेट जुनं असेल तर फोम चिमटीत दाबून बघा. पापडासारखा चपटा झालेला आणि दाबल्यावर परत न फुगणारा फोम फार काळ तारत नाही. बकल तुटलंय म्हणून नायलॉनच्या दोरीची गाठ मारून दिली तर परत करा, भिजलेली गाठ घाईत सुटत नाही. दंडाला लावायचे हवेचे पट्टे, बदकाची ट्यूब, थर्माकोलचा तुकडा यांना जॅकेटात मोजू नका. माझं स्पष्ट मत: दहा वर्षांखालच्या मुलाचं जॅकेट स्वतःचं घेऊन या. तुमच्या हॉटेलच्या एका रात्रीपेक्षा ते महाग पडणार नाही. आणि अंगात चढवायचं ते वाळूवर, बोटीत पाय टाकण्याआधी; उतरवायचं तेही वाळूवरच. 24 मे 2022 ला तारकर्लीजवळ स्कूबाची बोट उलटून दोन पर्यटक गेले, ती बोट परत येत होती. "आलाच की किनारा" म्हणून बकलं सोडणारे पुष्कळ बघायला मिळतात, म्हणून सांगते. अजून एक: मुलाला ओढणीने बोटीला किंवा स्वतःला बांधू नका. बोट उलटली तर ते तिच्याखाली अडकेल.

भावोजी म्हणतात, एवढं सांगितलं तर गिऱ्हाईक पळेल. पळू दे.

आता तुमचा कार्यक्रम. तो एका दिवसात बसत नाही, आणि कारण भरतीचं आहे. त्सुनामी आयलंड म्हणजे कर्ली नदीच्या तोंडाजवळचं वाळूचं भाट, पाण्यातला वाळूचा उंचवटा. भरतीला त्यावर पाणी चढतं, उतरायचं तर ओहोटीच हवी. डॉल्फिन बघायला मात्र संगमातून, म्हणजे नदी समुद्राला मिळते तिथून, बाहेर समुद्रात जावं लागतं, आणि तिथे ओहोटी नको. ओहोटीला नदीचं पाणी बाहेर धावतं, समोरून लाट आत येते, दोन्हींची टक्कर वाळूच्या उथळ पट्ट्यावर होते आणि लाटा उभ्या, आखूड होतात. परत येताना त्या मागून येतात, बोटीचा मागचा भाग उचलतात आणि बोट आडवी फिरवू बघतात. लहान मुलं असताना हे नको. भरतीत किंवा पाणी थांबलेलं असताना संगम ओलांडावा.

भरतीची वेळ तुम्ही घरबसल्या काढू शकता. कॅलेंडरवरची तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला किंवा अमावस्येला सव्वाअकरा. ही पूर्ण भरतीची वेळ, पहाटेची किंवा सकाळची आणि साधारण तीच दुपार-रात्रीची. त्यानंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या. एकादशी-द्वादशी आली तर सकाळी सातच्या सुमाराला चढत्या पाण्यात बाहेर पडा आणि नऊच्या आत संगमातून परत या. डॉल्फिनसाठी दिवस उत्तम, भाटाचं नाव काढू नका. पंचमी-षष्ठी असेल तर सकाळी दहा-साडेदहाला भाट उघडं पडलेलं असेल. तेव्हा खाडीतच राहा, डॉल्फिन सोडा. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त, तेव्हा भाटाच्या कडेला मुलांना गुडघाभर पाण्यातही एकटं सोडू नका. कडेची वाळू पायाखालून सरकते आणि पुढच्या पावलाला खोल असतं. अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे उधाणाच्या उलट लहान भरती-ओहोटी, तेव्हा पाणी त्या मानाने सुस्त.

वाऱ्याचं गणित वेगळं. सकाळी जमिनीवरून मतलई वाहते, समुद्र त्यातल्या त्यात गप्प असतो. अकरा-बारा वाजले की खारा वारा सुरू होतो, दुपारनंतर पाणी चुळबुळायला लागतं. त्यामुळे तुमचा सूर्यास्त किनाऱ्यावरूनच बघा, तो तिथूनही तोच दिसतो. मुलं असताना पाण्यावर दीड तास पुरे. संडासची सोय नसते, सावली नावालाच, आणि तिसऱ्या फेरफटक्याला मुलं कंटाळून काठावरून पाय सोडायला लागतात.

जेवण बोटीत? नको. निघण्याआधी तासभर दोन घावणे, साधे. नारळाचा गोड रस आणि दूध परत आल्यावर. बोटीत कुरमुरे, बिस्किटं, आल्याची वडी, माणशी निदान एक लिटर पाणी. मळमळायला लागलं तर मुलाला मध्यभागी, वाऱ्याकडे तोंड करून बसवा आणि दूरच्या किनाऱ्याकडे बघायला लावा. मागे इंजिनाजवळ धूर येतो, पुढच्या टोकाला आदळतं. लहान मुलांची जागा मधलीच. कपडे भडक घाला, नारिंगी, गुलाबी. निळं-पांढरं पाण्यात दिसत नाही. सँडल मागे पट्टा असलेले, कारण खडकावरची कालवं पाय ब्लेडसारखे कापतात.

बोट बघताना रंग, छत, गाणी सोडा. नांगर दोरीला बांधून तयार आहे का बघा. ओहोटीत इंजिन बंद पडलं तर बोट संगमातून बाहेर वाहते, तेव्हा नांगरच वाचवतो. दोरी पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी हवी, पाच मीटर पाण्याला पंचवीस मीटर. वल्ही, पाणी उपसायला बालदी, शिट्टी, बॅटरी. आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावलेलं इंजिन) चालू केल्यावर मागून पाण्याची बारीक धार पडते ना बघा. ती नसेल तर इंजिनाला थंड करणारं पाणी फिरत नाहीये, थोड्या वेळात तापून बंद पडेल. किल स्विचची (तांडेल पडला तर इंजिन बंद करणाऱ्या खटक्याची) लाल दोरी तांडेलाच्या मनगटाला हवी, खिळ्याला गुंडाळलेली नको. आतल्या इंजिनाची बोट असेल तर इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यावर झाकण आहे का बघा, नाहीतर ओढणी-वेण्या आधी बांधा. पाण्यात कोणी उतरणार किंवा चढणार असेल तर इंजिन पूर्ण बंद करायला लावा. न्यूट्रल म्हणजे बंद नव्हे.

चढताना एक माणूस बोटीत, एक पाण्यात, मूल हातातून हातात. काठावर हात ठेवायचा नाही, धक्का आणि बोट यांच्यामध्ये मुलांची बोटं चेचतात.

भाड्याचं विचारलंत. आकडा देत नाही. नाताळच्या आठवड्यात आणि नंतर जमीन-अस्मानाचा फरक असतो. भाव माणशी आहे की बोटीचा, आणि भाटावर थांबायचा वेळ त्यात आहे का, एवढं विचारा. त्याहून महत्त्वाचं, आगाऊ रक्कम देण्याआधी ठरवून घ्या: समुद्र बिघडला तर पैसे परत किंवा तारीख पुढे. हे ठरलेलं नसलं की सकाळी तुम्हीही म्हणता "पैसे दिलेत, जाऊया", तांडेलालाही हात आखडतो, आणि जायला नको त्या दिवशी बोट सुटते. निघायच्या सकाळी बंदरावरचा धोक्याचा बावटा आणि इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा) लाटांचा इशारा बघा. छोट्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या दिसल्या तर विचारूसुद्धा नका. नऊ जणांची नावं आणि परतायची वेळ किनाऱ्यावर कोणाला तरी देऊन जा. तटरक्षक दल 1554, सागरी पोलीस 1093, नेहमीचा 112.

तीन वर्षांच्या बाळाला संगमाबाहेर नेऊच नये असं माझं मत. एक मोठं माणूस त्याच्याबरोबर खाडीत किंवा घरी राहू दे. भावोजींना हे अतीच वाटतं. तुमचा निर्णय तुम्ही घ्या.

आणि हे सगळं देवबाग-मालवणकडचं. अलिबाग-मांडव्याकडे भरती-ओहोटीतला फरक बराच मोठा, जंजिऱ्याला राजपुरीहून जाताना शिडाच्या होड्या, तिथलं तिथल्यांना विचारा. मे अखेर ते ऑगस्ट अखेर पर्यटकांच्या फेऱ्या बंद असतात. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ वाहिला म्हणजे समुद्र शांत झाला, असं समजून लगेच कोणी मुलं घेऊन येऊ नका, सप्टेंबर जाऊ द्या. मळमळीचं औषध देणार असाल तर मुलांच्या डॉक्टरांना विचारून, आणि घरी एकदा देऊन बघून. काहींनी मुलं इतकी पेंगतात की डॉल्फिन आले तरी उठत नाहीत.