भाडेकरूवर केस आहे का, कसं कळणार?

प्रश्न : अंधेरीचा फ्लॅट भाड्याने द्यायचाय. मुलगा चांगला वाटतो पण सोसायटीतले म्हणतात आधी रेकॉर्ड बघा. पोलिसांकडे नावांची यादी मिळते का हो?

उत्तर : ताई, अशी यादी आपल्याकडे नाहीच, पोलिसांचं रेकॉर्ड कुणालाही उघडून दाखवत नाहीत. पण कोर्टाच्या केसेस फुकट बघता येतात. ई-कोर्ट्सच्या साईटवर महाराष्ट्र निवडा, मग मुंबईची मॅजिस्ट्रेट कोर्टं आणि सेशन्स दोन्ही वेगवेगळी शोधा, नाव टाका, वर्ष टाका, कॅप्चा भरा (तो एकदा तरी चुकतोच), आणि पेंडिंगबरोबर डिस्पोज्ड (निकाली निघालेल्या) पण बघा. वर्ष एकेक करून टाकावं लागतं, कंटाळा येतो, पण चहा घेऊन बसा. स्पेलिंगही बदलून बघा, शिंदे एस-एच-आय ने पण आणि एस-एच-डबल-ई ने पण.

एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या साईटवर असतात, सुप्रीम कोर्टाने 2016 मध्येच 24 तासांत अपलोड करा म्हणून सांगितलंय, फक्त लैंगिक गुन्ह्यांसारख्या सेन्सिटिव्ह केसेस वगळून.

आता खरी गोची, एकाच नावाचे दहा जण निघतात. वडिलांचं नाव, पत्ता जुळल्याशिवाय कुणावर शिक्का मारू नका, आणि केस असणं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही. त्यापेक्षा त्यालाच सांगा, पोलिसांकडून कॅरॅक्टर सर्टिफिकेट काढून आण, ते ज्याचं त्यालाच काढता येतं. आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवायला विसरू नका, नाहीतर ते तुमच्याच अंगाशी येतं.