वाचकांचे प्रश्न : विद्यार्थी गट आणि मानवी हक्कांचे काम

प्रश्न : आम्ही पदव्युत्तर वर्गातील बारा-पंधरा जण विद्यापीठात मानवी हक्कांविषयीचा एक गट चालवतो. दरवर्षी १० डिसेंबरला व्याख्यान आणि भित्तिपत्रक स्पर्धा होते. पण श्रोते कमी होत चालले आहेत आणि एरवी वर्षभर गटाला काही कामच नसते. उपक्रम कसे आखावेत?
– एक विद्यार्थिनी, सांताक्रूझ

उत्तर : १० डिसेंबरचा कार्यक्रम बंद करू नका. १९४८ साली त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला, आणि त्याच्या पहिल्या कलमातील ‘ऑल मेन’ हे शब्द बदलून ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ व्हावेत, असा आग्रह धरणाऱ्या हंसा मेहता या आपल्या मुंबईतील नाथीबाई ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. ही आठवण विद्यार्थ्यांना सांगावीच. मात्र त्या दिवशी पाहुण्यांचे भाषण ठेवण्याऐवजी तुम्ही वर्षभरात काय केले, याचा हिशेब मांडा.

त्यासाठी जूनमध्येच एक विषय धरावा आणि तो वर्षभर सोडू नये. उदाहरणार्थ, विद्यापीठाच्या परिसरातील गटारे आणि मलवाहिन्या साफ करणाऱ्या कंत्राटी कामगारांचा प्रश्न घ्या. माणसाला संरक्षक साधनांशिवाय मलवाहिनीत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि अशा कामात मृत्यू झाल्यास द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. परंतु ज्याला उद्या मलवाहिनीत उतरायचे आहे त्याला हातमोजे आणि बूट मिळाले आहेत का, हे निकालपत्रावरून कळत नाही. त्यासाठी पहाटे हजेरी चौकीवर जावे लागेल, कामगारांच्या संघटनेमार्फत ओळख करून घ्यावी लागेल आणि पहिले काही आठवडे नुसते ऐकावे लागेल. मग माहितीच्या अधिकाराखाली महापालिकेच्या विभाग कार्यालयात अर्ज करा. त्याला ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. साधनांची खरेदी, त्यांचे वाटप आणि वैद्यकीय तपासण्या, एवढ्याच तीन गोष्टींविषयी नेमके विचारा, कारण मोघम प्रश्नाला मोघम उत्तर येते.

तक्रारीपर्यंत वेळ आली, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर राज्य मानवी हक्क आयोगाचे कार्यालय आहे. तेथे शुल्क लागत नाही. पण घटनेला एक वर्ष उलटले असेल, तर १९९३ च्या कायद्यानुसार आयोग चौकशी करू शकत नाही. आयोग शासनाला शिफारस करतो, न्यायालयासारखा निकाल देत नाही, हेही तक्रारदाराला आधीच स्पष्ट सांगा.

येथे मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती तुमच्या उत्साहाची. कंत्राटी कामगाराचे नाव अर्जात आले, तर दुसऱ्या दिवशी त्याचे काम जाऊ शकते, आणि तुमची मात्र परीक्षा संपून तुम्ही गावी गेलेले असता. म्हणून कोणाचेही नाव त्याच्या संमतीशिवाय लिहू नका, संमती घेताना धोका समजावून सांगा, आणि तो नको म्हणाला तर तेथेच थांबा. काम पुढच्या तुकडीकडे सोपवण्यासाठी प्रत्येक भेटीची नोंदवहीही ठेवा. डिसेंबरच्या कार्यक्रमात व्यासपीठावर खुर्ची त्या कामगारांनाच द्यावी.

प्रश्न : पदपथावर राहणाऱ्या कुटुंबांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवावे का?
– त्याच गटातील एक सदस्य

उत्तर : छायाचित्रे टांगण्याआधी ती त्या कुटुंबांना दाखवता येणार असतील, तर जरूर भरवा, ज्या चित्राला त्यांची हरकत असेल ते काढून टाका आणि लहान मुलांचे चेहरे टाळा. सोबत १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्याची माहिती मराठीत लावा. मुंबईतील पदपथवासीयांच्या याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला, तरी पदपथावर कायम राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. हा दुसरा भाग गाळू नका, कारण प्रदर्शन पाहायला ती कुटुंबेही येतील आणि अर्धवट माहितीवर त्यांनी भिस्त ठेवली, तर नुकसान त्यांचेच होईल.