एज ग्रुपमधून (वयानुसार गट पाडलेले हौशी स्पर्धक) एलिट (अव्वल स्पर्धकांच्या) ट्रायथलॉनमध्ये पहिल्यांदाच उतरतोय, नेमकं काय बदलतं?

अंतर तेच असू शकतं: 1.5 किमी पोहणं, 40 किमी सायकल, 10 किमी धावणं. बदलते ती शर्यतीची जात. एज ग्रुपमध्ये बहुतेक ठिकाणी ड्राफ्टिंगला मनाई असते. एलिटमध्ये सहसा मुभा असते. म्हणजे पुढच्याच्या चाकाला चिकटून, त्याच्या आडोशाने सायकल चालवायची. त्यामुळे खरा निकाल पाण्यातच लागायला सुरुवात होते. पंधरा-वीस सेकंद मागे राहिलात की पुढचा घोळका हातचा गेला, मग एकट्याने समोरचा वारा कापत बसा. त्यात सायकलच्या फेऱ्यांच्या मार्गावर पुढच्यांनी एक पूर्ण फेरी जास्त मारून तुम्हाला मागून गाठलं, तर शर्यतीतूनच बाहेर काढतात.

म्हणून लांब, निवांत पोहण्यापेक्षा पहिले 300 मीटर जीव तोडून पोहायचे आणि मग न थांबता लय धरायची, हा सराव करा. पहिल्या बोयाला (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) वळताना धक्काबुक्की होतेच. माझा गॉगल एका लाथेत सरकला आणि उरलेलं अंतर मी एकाच डोळ्याने पोहलो! तेव्हापासून गॉगलचा पट्टा टोपीच्या आत घालतो.

टाइम ट्रायल सायकल (एकट्याने वेगात जाण्यासाठी बनवलेली, पुढे वाकून चालवायची) इथे चालत नाही, साधी रोड बाईकच लागते. घोळक्यात चालवायची सवय नसेल तर आधी ती करा. पुढच्या चाकाला चाक घासलं की पडतो तो मागचाच.

ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहणं संपवून सायकल घ्यायच्या जागी, हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावू नका, नाहीतर दंड बसतो.