बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन, तसं अमेरिकन फुटबॉलमध्ये वर्णभेदाची भिंत पाडणारा पहिला खेळाडू कोण?

एकच नाव हवं असेल तर केनी वॉशिंग्टन. पण तुमच्या प्रश्नातल्या ‘पहिला’ या शब्दाशी गाडी अडते, म्हणून आधी फ्रिट्झ पोलार्ड या कृष्णवर्णीय खेळाडूबद्दल सांगतो. (खेळ अर्थातच लांबुळका चेंडू बगलेत धरून पळायचा. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे.)

1920 मध्ये आजच्या एनएफएलची, म्हणजे या खेळाच्या मुख्य व्यावसायिक लीगची, सुरुवात झाली. त्या पहिल्याच हंगामात पोलार्ड ॲक्रन प्रोजकडून खेळला, संघ अजिंक्य ठरला आणि पुढच्या वर्षी पोलार्ड त्याच संघाचा सह-प्रशिक्षक झाला. अंगाने लहानखुरा. त्याला खाली पाडलं की गोरे खेळाडू मुद्दाम वरून अंग टाकायचे. त्यावर त्याने युक्ती काढली होती. पडल्या पडल्या उताणं व्हायचं आणि सायकल मारल्यासारखे पाय हवेत फिरवायचे. बुटांचे खिळे तोंडासमोर गरगरताना दिसले की उडी मारणारा आपसूक थबकायचा.

म्हणजे भिंत सुरुवातीपासून नव्हती, ती मागाहून उभी राहिली. 1933 च्या हंगामात रे केम्प आणि जो लिलार्ड हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू खेळले, आणि मग 1945 पर्यंत लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नाही. नियम म्हणून कागदावर एक ओळ नव्हती. मालकांनी आपसांत समजून घेतलं, बस्स.

केनीची सगळी उमेदीची वर्षं नेमकी याच काळात गेली. तो लॉस एंजेलिसचाच पोरगा, तिथल्या यूसीएलए या विद्यापीठाकडून खेळायचा. वुडी स्ट्रोड आणि जॅकी रॉबिन्सन (हो, तोच!) हे त्याचे संघसोबती. स्ट्रोडने पुढे सांगितलं आहे की ढिगाऱ्याखाली केनी सापडला की प्रतिस्पर्धी मैदानावर आखलेल्या रेषेतली फक्की उचलून त्याच्या डोळ्यांत चोळायचे. 1939 मध्ये पळून आणि पास देऊन चेंडू पुढे नेलेले एकूण यार्ड (यार्ड म्हणजे जवळपास एक मीटर) मोजले तर देशात सर्वांत जास्त त्याचे होते. यूसीएलएकडून त्याचा शेवटचा सामना लॉस एंजेलिसच्या कोलिझियम स्टेडियमवर झाला, लाखाहून जास्त प्रेक्षक होते, आणि केनी मैदानाबाहेर जायला निघाला तेव्हा सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. तरी एनएफएलच्या एकाही संघाने त्याला घेतलं नाही. शिकागो बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस यांनी थोडी खटपट केली म्हणतात, पण ती तिथेच विरली. तो पॅसिफिक किनाऱ्यावरच्या लहान लीगमध्ये खेळत राहिला.

मग 1946 उजाडलं. क्लीव्हलँडचा रॅम्स संघ लॉस एंजेलिसला मुक्काम हलवत होता आणि त्यांना मैदान हवं होतं तेच, कोलिझियम. या सगळ्या कथेत मला सर्वांत आवडणारा माणूस इथे येतो, आणि तो खेळाडू म्हणून नाही तर पत्रकार म्हणून: हॅली हार्डिंग. कोलिझियमचा कारभार बघणाऱ्या कमिशनसमोर तो उभा राहिला आणि सरळ मुद्द्यावर आला. हे स्टेडियम जनतेच्या पैशाने उभं आहे, काळ्या लोकांनीही त्यासाठी कर भरलाय, मग काळ्यांना न घेणाऱ्या संघाला ते का द्यायचं? रॅम्सचा माणूस समोरच बसलेला. संघाला मैदान हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. 21 मार्च 1946 ला केनीशी करार झाला, मग मे महिन्यात स्ट्रोडशीही. रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून पहिला सामना खेळला तो एप्रिल 1947 मध्ये, म्हणजे त्यानंतर वर्षभराने.

त्याच 1946 मध्ये मॅरियन मॉटली आणि बिल विलिस हे दोघे क्लीव्हलँड ब्राउन्सकडून खेळू लागले. ब्राउन्स तेव्हा एनएफएलमध्ये नव्हे तर दुसऱ्या लीगमध्ये होते, म्हणून पुष्कळ जण त्यांना विसरतात. खेळाडू म्हणून त्या काळात ते केनीपेक्षा सरस होते, हे मान्यच करायला हवं. कारण केनी आला तेव्हा 27 वर्षांचा होता आणि गुडघे कामातून गेलेले. तीनच हंगाम खेळला. पण त्यातल्या 1947 मध्ये शिकागो कार्डिनल्सविरुद्ध तो 92 यार्ड पळत सुटला, आणि रॅम्सच्या विक्रमांत ती धाव अजून पहिल्या नंबरावर आहे.

सगळे संघ मात्र लगेच वळले नाहीत. सगळ्यात शेवटी हटून बसला तो वॉशिंग्टन शहराचा संघ (केनीच्या आडनावाशी घोळ करू नका), मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल. आणि तिथेही पुन्हा तीच कळ दाबावी लागली! त्यांचं नवं स्टेडियम केंद्र सरकारच्या जमिनीवर होतं. 1961 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याचे मंत्री स्ट्युअर्ट उडाल यांनी बजावलं की भेदभाव चालू राहिला तर स्टेडियम मिळणार नाही. पुढच्या वर्षी बॉबी मिचेल संघात आला. पहिल्याच सामन्यात त्याने किकऑफचा (खेळ सुरू करताना लाथेने उडवलेला) चेंडू झेलला आणि थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या टोकाच्या रेषेपार, नेला. अंतर, योगायोग बघा, 92 यार्ड.